शेल्बीच्या नावाची पाकिटं

डुएन क्रेशा आमच्या गावचा न्हावी. नेब्रास्कातल्या या टीचभर गावात मी पोस्टाच्या खिडकीत बसतो आणि दर शनिवारी डुएनच्या खुर्चीत. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी तो पैसे पूर्ण घेतो. म्हणतो, विरळ केसांना मेहनत जास्त, आधी शोधावे लागतात.

त्याची बायको वारली तेव्हा शेल्बी तीन वर्षांची होती. महिन्याभरात डुएन बँकेत गेला. तिथल्या मिसेस टोमॅकनी दोन खाती समजावून सांगितली. एकातले पैसे एकविसाव्या वर्षी मुलीच्या हातात, मग ती काहीही करो. दुसरं मुलीच्या नावाने, पण कायम बापाच्या ताब्यात. त्यातल्या वाढीवर कर नाही, पण खर्च शिक्षणावरच करायचा. दुसऱ्या कशाला काढले तर वाढीवर कर, वर दहा टक्के दंड. डुएनच्या भावाने वारशाच्या पैशांतून मोटरबोट घेतली होती, आणि बोट तरंगेल एवढं पाणी आमच्यापासून सत्तर मैलांवर. डुएनने दुसरं खातं निवडलं.

तेव्हापासून शेल्बीच्या वाढदिवसाला खेळणी बंद. यायचं ते पाकिटात चेक घालून. सहाव्या वाढदिवसाला मी बाहुली नेली, तर डुएनने दारातच सांगितलं, परत कर आणि तेवढ्याच किमतीचा चेक आण. शेल्बी त्याच्या पायाआडून बाहुलीकडे बघत होती. मी, गाढव, खरंच परत केली.

पोरगी मोठी झाली ती कोलाची, म्हणजे आत गोड सारण भरलेले छोटे पाव, करत. तिच्या खसखशीच्या कोलाचीसाठी चर्चच्या जेवणात म्हातारी माणसंसुद्धा रांग मोडायची. अठराव्या वर्षी ती म्हणाली, कॉलेज नको, नाक्यावरचं बंद पडलेलं दुकान घेऊन बेकरी काढते. खात्यात पैसे आहेतच.

मी त्या वेळी खुर्चीत होतो, अर्धं डोकं झालेलं.

"दंड पडतो," डुएन म्हणाला. "दहा टक्के."

"पडू दे ना, डॅड."

"पंधरा वर्षं जपलेत मी. फुकट दंड भरायला नाही. आणि ते तुझ्याच नावावर आहेत."

"कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या नावावर आहेत ते," शेल्बी म्हणाली. "तिची नि माझी कधी ओळखच झाली नाही."

त्याच आठवड्यात ती ऑरेगॉनला निघून गेली. खात्याचा कागद मात्र तिच्या नावाने दर तीन महिन्यांनी येत राहिला. तो मीच डुएनच्या टपालपेटीत टाकायचो.

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, तिचं कार्ड आलं. तान्ह्या मुलीचा फोटो आणि एक ओळ: 'हिला पाकीट पाठवू नकोस, डॅड. खेळणं चालेल.'

डुएनने खेळणं निवडायला ऑक्टोबर उजाडवला. लाकडी बदक, दोरीने ओढायचं. पंधरा वर्षांत शेल्बीचं केलं नाही तेवढं कौतुक त्याने त्या बदकाचं केलं. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. खोकं माझ्याच खिडकीवर बांधलं. तळाशी त्याने काहीतरी सरकवलं, तसं मी विचारलं.

"पाकीट नाही ते," तो म्हणाला. "फॉर्म आहे. खातं नातीच्या नावावर करतोय. शेल्बीने बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर तेवढा भरायचा."

"ती नको म्हणाली होती, डुएन."

"पैसे नको म्हणाली होती. कागद कुठे नको म्हणाली?"

मी तिकिटं लावली. बाहुली परत करणारा माणूस दुसरं काय करणार?

दोन आठवड्यांनी खोकं परत आलं, शेल्बीच्या अक्षरातला पत्ता घेऊन. पेटीत मावेना, म्हणून मी ते दुकानात नेऊन दिलं. डुएनने वस्तऱ्याने चिकटपट्टी कापली. वर कोरा फॉर्म, घडीसुद्धा न उलगडलेला. खाली बदक. चिठ्ठी नव्हती. त्याने खोकं उलटं करून झटकलं, तरी नव्हती.

मग त्याने बदक दिव्याखाली धरलं. चोचीवर दोन बारीक खुणा होत्या, शेजारी शेजारी. तो कितीतरी वेळ त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिला. खुर्चीत बसायला मी अंगावरचा कोट काढला, पण त्याने कात्री घेतली नाही.

"खालचे दोन दात आलेत तिला," तो म्हणाला.