बाबांच्या खोलीतली फायरप्लेस

इथे दक्षिण गोलार्धात जूनच्या थंडीत शेजारच्या धुराड्यातून इथल्या मानुका झाडाच्या लाकडांचा धूर येऊ लागला, की मला हिल्सबरो उपनगरातल्या आमच्या जुन्या लाकडी घरातला एक हिवाळा आठवतो. दोन हजार सहाचा असेल. आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इकडे आणलं होतं. ते दिवसचे दिवस बोलत नसत. त्यांच्या बेडरूममधली फायरप्लेस आधीच्या मालकांनी फळी मारून बंद केली होती. एका सकाळी बाबा त्या फळीवर टकटक करून म्हणाले, "आत पोकळ आहे गं. उघडूया?" इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून काही मागितलं, ते हेच. फळी निघाली तशी ओल्या काजळीचा वास घरभर पसरला. बाबांनी विटांचे तुकडे, पक्ष्यांनी आणलेल्या काटक्या असं सगळं बादल्या भरून काढलं, काळ्या हातांनी चहा प्यायले, चक्क हसलेसुद्धा. धुराडं साफ करणारा माणूस सगळं तपासून "स्वीट ॲज, एकदम झकास, आता खुशाल पेटवा," म्हणून गेला. संध्याकाळी बाबांनी लाकडं रचून काडी ओढली. लाकडांनी पेट घेतला आणि बाबा एकदम मागे सरले. "तिला अग्नी दिला, त्यानंतर आजच," एवढंच म्हणाले आणि भिंतीला धरून खाली बसले. आई गेली तेव्हा न रडलेले बाबा त्या संध्याकाळी हुंदके देऊन रडले. मी विझवायला पाणी आणू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. जळू दे पूर्ण." राख होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. बाबा पुढे पुण्याला परतले आणि तिथंच वारले. माझं विमान उतरेपर्यंत तिकडे त्यांना अग्नी देऊन सगळं उरकलं होतं.