बलजीत भाभींची मधुमालती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. मग तुम्हालाच का? आज संध्याकाळी एका दारात जायचंय, त्याआधी जीभ जरा सैल व्हायला हवी.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा कॉलनीत सगळं नवं होतं. घरोघरी नुकती केबल आलेली, खाली कुणाची ना कुणाची नवी गाडी. फक्त झाड नव्हतं. हिरवं म्हणावं असं एकच — तळमजल्यावरच्या बलजीत भाभींची मधुमालती, आमच्या बाल्कनीपर्यंत चढलेली. तिच्या सावलीत आम्ही बायका बसायचो. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीला सगळ्या हसायच्या, आणि मीही हसायचे. परक्या गावात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथे.

त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. आल्या-आल्या म्हणाल्या, “कूलर उघडून धुऊन घे गं, गवत बदल. हिवाळाभर बंद होता.” मी ‘हो’ म्हटलं. चार दिवसांनी पुन्हा ‘हो’ म्हटलं. आणि मग पाणी ओतून तसाच सुरू केला. त्याच्या बाल्कनीकडच्या जाळीतून दोन-तीन गांधीलमाश्या आत शिरताना दिसल्याही होत्या. पाणी प्यायला येत असतील, म्हणून सोडून दिलं. खोटं कशाला बोलू — आळस, दुसरं काही नाही.

एका दुपारी बाल्कनीतून इरा किंचाळली, “आई, ततैया!” पाच वर्षांची होती. गांधीलमाशी पापणीवरच डसली होती. आवाज ऐकून भाभी धावत वर आल्या, डंखावर लोखंडी किल्ली चोळायला लागल्या आणि चोळता चोळता स्वतःच रडायला लागल्या. “हाय, मेरी बेल की वजह से!”

सासूबाई शेजारीच उभ्या. आणि मी म्हणाले — काय म्हणाले? “हां भाभीजी, बेल में ही होंगे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, घर झोपलेलं असताना, मी कूलर उघडला. गवताच्या कोरड्या कोपऱ्यात मुठीएवढं पोळं. रॉकेल शिंपडलं, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. हात धुऊन बाल्कनीत आले, तर खाली भाभी विळ्याने वेल तोडत होत्या. एक हाक पुरली असती. मी मारली नाही.

गांधीलमाश्या अर्थातच गेल्या. सगळे म्हणाले, बघा, वेलीतच होत्या! मीही मान डोलावली.

मूळ मात्र जमिनीत राहिलं. दर पावसाळ्यात कोंब यायचे आणि भाभी स्वतःच्या हाताने उपटायच्या — पुन्हा एखाद्या लेकराला त्रास नको म्हणून. मी वरून बघायचे, खाली जाऊन त्यांच्याच हातचा चहा प्यायचे. सासूबाईंना घाबरले म्हणावं, तर त्यांना जाऊनही वर्षं झाली. त्यानंतर मी कुणाला भीत होते?

यंदा भाभींचे गुडघे गेले, कोंब तसेच राहिले. काल पाहिलं तर वेल त्यांच्या खिडकीच्या गजापर्यंत पोचलेली, एक घोस सकाळी पांढरा, संध्याकाळी गुलाबी. मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. भाभी खुर्चीवरून म्हणाल्या, “अब तू ही उखाड़ दे, मुझसे झुका नहीं जाता.”

मी उपटणार नाही. वेल वर चढवायला सुतळी काढून ठेवली आहे. ती घेऊन जाईन, आणि बांधायच्या आधी सांगेन. त्यानंतर त्या काय म्हणतील, सुतळी बांधू देतील की नाही, ते त्यांचं. सकाळपासून स्वयंपाकघरात एकटीच म्हणून बघते आहे — “भाभीजी, छत्ता मेरे कूलर में था.”