गोदूबाईंची कुर्ल्यांची जागा

मांडवीच्या गोदूबाईंनी खडकातली ती कुर्ल्यांची जागा सख्ख्या जावेलाही कधी दाखवली नव्हती. पण २००२ साली शाळेच्या बाईंनी गळ घातली, म्हणून ओहोटीला त्या तिसरीची पोरं घेऊन तिथे गेल्या.

"दगड उचललास ना, मग होता तसा परत ठेव! खाली पिल्लांचं घर असतं," असं एकेकाला दटावून शिकवलं. "आणि ही जागा घरी सांगायची नाय." पोरांनी माना डोलावल्या.

पुढच्या ओहोटीला त्या टोपली घेऊन गेल्या, तर वाळूत ताजे ठसे आणि कुर्ली एकही नाही. पिल्लंसुद्धा सोडली नव्हती मेल्यांनी! परकं कुणी असतं, तर दगड उलटेपालटे टाकून गेलं असतं. इथे प्रत्येक दगड होता तसा, नीट ठेवलेला होता.

गोदूबाईंनी त्यातला एक उचलला आणि उलटाच आपटला.