शिरूरच्या टेबलावरची वाघीण

शिरूरला रेल्वे नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दौंडच्या यार्डात गेलं, त्याला मी शिरूरला आणून ठेवलं, तेव्हा एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी आपली खूश होते. दोन खोल्यांतली हवेशीर खोली वडिलांना दिली, खिडकीशी खुर्ची ठेवली, खुर्चीवर गादी घातली. आणखी काय पाहिजे माणसाला?

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते मालगाड्या तपासायचे. गाडी यार्डात थांबली की हातोडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. प्रत्येक चाकावर टोला मारायचा आणि आवाज ऐकायचा. चाकाच्या धुऱ्याच्या पेटीला पालथा पंजा लावून ती तापलीय का बघायचं. सगळं ठीक असलं तर गाडी फिट म्हणून सांगायचं, मगच ती पुढं जायची. वाफेच्या इंजिनांच्या काळात मालगाडीला बहुतेक चार चाकांचे छोटे डबे असत, तपकिरी लाल पत्र्याचे, बंद, दोन्ही अंगांना दारं असलेले. शाळेच्या पुस्तकात त्यांना वाघीण म्हटलं होतं. आबा वॅगन म्हणायचे. आमच्या क्वार्टरसमोर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर इंजिनाची काजळी बसायची आणि आई इंजिनाला शिव्या घालायची. ज्या इंजिनावर घर चालतंय त्यालाच शिव्या घालायची, असं म्हणून आबा तिला चिडवायचे.

पुढं वाफेची इंजिनं गेली. आबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आई गेली. दौंडातच भाड्याच्या खोलीत एकटे राहत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, पण डावा पाय ओढत चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. एकुलत्या एका लेकीला एवढं बस झालं. ती खोली सोडली आणि सामानासकट मी त्यांना घेऊन आले.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामाला होते. कंपनीची बस सकाळी न्यायची, दिवेलागणीला आणून सोडायची. नवरा शाळेत मास्तर. आबा दिवसभर खिडकीतून नगर रोडच्या ट्रका बघत बसायचे. सुरुवातीला ट्रकांना नावं ठेवायचे, तेव्हा बरं होतं. मग तेही बंद झालं. व्हय आणि न्हाय, एवढंच बोलायला लागले. एक दिवस बघितलं तर दाढीचे खुंट चांगलेच वाढलेले. हा माणूस रात्रपाळीहून आल्यावरसुद्धा आधी दाढी करायचा.

जावई त्यांना म्हणाला, ‘‘मामा, लेकीच्या घरी राहायचा संकोच वाटतो का तुम्हाला?’’

‘‘तसलं आपुन मानीत न्हाय,’’ आबा म्हणाले. आणि परत खिडकीकडं तोंड.

तेव्हा मी डोकं चालवलं. ऑफिसातून मोठा कागद आणला, टेबलावर पसरला आणि म्हटलं, ‘‘आबा, तुमच्या त्या चारचाकी वॅगनचं मला ड्रॉइंग काढायचंय. मापं सांगा.’’ आठ-दहा दिवस जीव रमेल, एवढाच माझा हिशोब.

आबांनी कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं. ‘‘नुसतं कागदावर काढून काय करती? करू की आख्खी.’’ मी हरखले. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ‘‘पर येक हाय. ती झाली का मी दौंडला जाणार. दोस्ताच्या शेजारची खोली रिकामी हाय.’’

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आबांच्या हातचं काम, ते लवकर थोडंच होणार आहे.

फुटाला अर्धा इंच असं प्रमाण धरलं. म्हणजे वाघीण फूटभर लांब, चाकं दीड इंचाची, आणि दोन रुळांमधलं अंतर पावणेतीन इंच. तेलाचा डबा कापून पत्रा काढला. पत्र्यावरचे रिव्हेट कसे दाखवायचे यावर आम्ही दोघं भांडलो. मी म्हटलं, डिंकाचे थेंब देऊ, वाळले की टपोरे दिसतात. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वरणात साखर घालायला निघाले होते. पत्रा रबराच्या तुकड्यावर पालथा टाकून बोथट खिळ्यानं एकेक ठिपका मागून उठवायचा, असं त्यांनी ठरवलं. डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून पत्रा त्या हाताच्या कोपराखाली दाबून धरायचे. एक ठिपका ओळीतून सरकला की अख्खी बाजू बाद. अशा किती बाजू बाद झाल्या! आमच्या घरातला रॉकेलचा दिवा, केराची सुपली आणि कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्या त्या बाद पत्र्यांच्या झाल्या.

चाकं कंपनीतल्या एका लेथवाल्या दादांनी सुट्टीच्या वेळात करून दिली. पहिल्या खेपेला त्यांनी रुळावर धरून ठेवणारी कडच ठेवली नाही, गुळगुळीत गोल चाकं. आबा म्हणाले, ‘‘ही बैलगाडीला चालतील.’’ दुसऱ्या खेपेची चाकं मात्र आबांनी कानाशी धरून टिचकी मारून बघितली आणि ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दाढी केलेली होती.

दाराच्या बिजागरीवर आमचं अडलं. आबा म्हणत चार, मला एका जुन्या फोटोत तीन दिसत. शेवटी एका रविवारी एसटीनं न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून दौंडला गेलो. यार्डाच्या कडेला एक जुनी वाघीण चाकं काढून जमिनीवर ठेवलेली होती, आत फावडी-घमेली ठेवायला. आबांनी तिथल्या माणसाची परवानगी घेतली आणि मापं घ्यायला लागले. टेप माझ्या हातात, पण ते वितीनं मोजायचे आणि मी टेप लावायच्या आत आकडा सांगायचे. निम्मे चुकायचे. चुकले की हसायचे. बिजागऱ्या तीनच निघाल्या. ‘‘च्यायला, रोज बघून बी दिसल्या न्हाय,’’ म्हणाले आणि आणखी हसले. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबत होता. कुणी चहा पाजला, कुणी विहारात न आल्याबद्दल रागावलं. पाय ओढणारा माझा बाप रुळांच्या कडेकडेनं माझ्या पुढं चालत होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटली.

परत आल्यावर काम झपाट्यानं पुढं सरकलं. मग आबांनीच एक चूक काढली. चाकांवरच्या कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मी ड्रॉइंगप्रमाणे छान वाकवून दिल्या होत्या. चावीच्या घड्याळाची स्प्रिंग कापून आबांनी त्या बसवल्याही होत्या. दाराला सील म्हणून शिशाचा कणभर तुकडा लावला, वाघीण डोळ्यांपुढं धरली आणि परत खाली ठेवली.

‘‘काय झालं?’’

‘‘दाराला सील हाय म्हंजी माल भरल्याला हाय. माल भरला का कमान दबती. ही तर रिकाम्या गाडीवानी उभी हाय.’’

सील काढून टाकलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण त्यांना भरलेलीच पाहिजे होती. चारही कमानी काढल्या, कमी वाकवून पुन्हा बसवल्या आणि अख्खी वाघीण जरा खाली घेतली. त्यात पावसाळा संपला. मी मनातल्या मनात त्या सीलचे आभार मानले.

पण काम कधीतरी संपायचंच. रंग झाला, नंबर लिहून झाला, आणि एका संध्याकाळी वाघीण टेबलावर उभी राहिली. मी हात लावून बघितली. पूर्ण होती. मी म्हणाले, ‘‘आबा, अक्षरं जरा जाड वाटतात.’’ त्यांनी ती खरडून पुन्हा लिहिली. मी म्हणाले, रंग फार तांबडा आहे. त्यांनी त्यात काळा कालवला आणि पुन्हा दिला. मग मी म्हणाले, आतल्या फळ्यांच्या रेषा सरळ नाहीत. दार बंद, त्याला सील, आत कोण बघतंय? उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. बापाला जवळ ठेवायला माणसानं काय काय करू नये?

आबांनी चष्मा काढला. ‘‘ही चूक हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘बरं. आमच्या यार्डात सिक लाइन असायची. ठाव हाय का तुला?’’

मला ठाऊक होतं, तरी त्यांनी सांगितलं. डब्यात काही बिघाड निघाला की त्याच्यावर खडूनं सिक, म्हणजे आजारी, अशी खूण करायची, गाडीतून तो वेगळा काढायचा आणि बाजूच्या रुळावर ढकलायचा. दुरुस्त होईपर्यंत तो तिथंच.

‘‘सिक मारायला येक खडू लागतो फकस्त,’’ आबा म्हणाले. ‘‘पर फिट वॅगन सिक लायनीत ठिवली तर ती तिथंच गंजती. म्या नोकरीत तसं कवा केलं न्हाय. आन् तू बी करू नको.’’

‘‘वॅगनला झटका येत नाही आबा!’’ मी ओरडलेच. ‘‘तिथं एकटे असताना काही झालं तर? कोण आहे तिथं?’’

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मी जिंकले असते. ‘‘पोरी, सकाळी तू जाती, जावईबापू जात्यात. दिवे लागल्यावर येता. तवर हितं कोण आसतं?’’

नवरा दारात उभा होता, तो आत निघून गेला. इतके महिने मी डॉक्टरांचं वाक्य घोकत होते, एकटं ठेवू नका. आणि मी त्यांना रोज सकाळी कुलपाची एक किल्ली देऊन एकटंच ठेवून जात होते. हे मला माझ्या बापानं सांगावं लागलं. त्या रात्री मी स्वयंपाक केला, वाढला, आणि जेवले नाही. रडू येत होतं आणि रागही येत होता, जास्त काय ते सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी निघालो. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. वाघीण टॉवेलात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि एसटी खड्ड्यात आदळली की दोन्ही हातांनी वर उचलायचे.

खोली रेल्वेच्या कुंपणाला लागून होती. शेजारी त्यांचा दोस्त, वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा जुना फायरमन. त्यानं पाणी भरून ठेवलं होतं. त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘सकाळचा च्या आमच्याकडं. तू काळजी करू नको बाय.’’ मी मान हलवली आणि काळजी करत राहिले. गॅस तपासला, कडी तपासली, गोळ्यांची पाकिटं फळीवर ओळीनं लावली, आणि सांगायला वळले तर आबा खोलीत नव्हते.

ते कुंपणापाशी उभे होते. मी गोळ्या हातात घेऊनच तिथं गेले आणि सांगायला लागले, ही पांढरी जेवणाच्या आधी, ही पिवळी. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. मालगाडी येत होती. डिझेलची, नव्या लांब आठचाकी डब्यांची. आबांची नजर खाली, चाकांवर. एकेक डबा पुढून जात होता आणि त्यांचं डोकं प्रत्येक डब्याबरोबर थोडं थोडं हलत होतं. कुठं काही लोंबतंय का, कुठं धूर निघतोय का. रेल्वेतला माणूस जाणारी गाडी अशी बघतो आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात दाखवून सांगतो, गाडी ठीक आहे. ते आबांचं काम उरलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

शेवटचा डबा आला. आबांनी उजवा हात सरळ वर केला. मागं उभ्या असलेल्या गार्डानं, कालपरवाचा तरुण माणूस तो, आबांना ओळखतही नसेल, हिरवी झेंडी बाहेर काढून हलवली. आबांचा हात गाडी वळेपर्यंत वर होता.

माझ्या घरी त्यांना वेळेवर जेवण होतं, औषध होतं, माया होती. त्यांनी सांगितलं आणि कुणी ते ऐकून निश्चिंत पुढं गेलं, असं तिथं काही नव्हतं. मला त्या गार्डाचा फार हेवा वाटला.

आबा वळले. ‘‘हां, आता सांग. पिवळी कवा घ्यायची?’’

मी पुन्हा पांढऱ्या गोळीपासून सुरुवात केली.