फुटके टरफल, नग सहा

तारीख २२ जानेवारी १९९५, रविवार. रक्कम रुपये दोन हजार नऊशे चाळीस. हजर माणसे चार: तंबोरे करणारा माझा मिरजेतला शेजारी, त्याची आत्या, पेट्या ठोकणारे सुतारमामा आणि मी. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. गल्लीत इंग्रजी पत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मला बोलावले होते.

ही रक्कम आलेली नव्हती, कापली गेली होती. शेजाऱ्याने जर्मनीतल्या एका वाद्यविक्रेत्याला सहा तंबोरे पाठवले होते. त्यांचे पैसे आले, पण दर पेटीमागे चारशे नव्वद रुपये कमी आले. पत्रात कारण दिले होते. त्यांच्या देशात कायदा झाला होता की माल विकणाऱ्यानेच वेष्टनाची जबाबदारी घ्यायची. गिऱ्हाईक तंबोरा घेऊन जाते आणि पेटी, गवत, चिंध्या दुकानातच ठेवते, दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. मग लाकूड वेगळे, लोखंड वेगळे, कापड वेगळे असे निवडून, तोलून, वर पैसे भरून त्याची वासलात लावावी लागते. आमच्या पेट्यांत काय काय आहे हे कागदावर नसल्यामुळे त्याने माणूस लावून निवडून घेतले होते, आणि त्या माणसाची मजुरी आमच्या माथी मारली होती.

“म्हंजे त्येंचा कचरा आपन इथनं उचलायचा?” सुतारमामांनी विचारले.

“कचरा त्यांचा नाही, आपलाच आहे,” मी म्हणालो. “आपण पाठवलाय.”

“आमी तंबोरा पाठवला हुता गड्या.”

पुढे लिहिले होते की आणखी आठ तंबोरे हवे आहेत. प्रत्येक पेटीतल्या वेष्टनाचे जातवार वजन, ग्रॅममध्ये, सहीनिशी आधी कळवावे. तक्ता बरोबर असेल तर वेष्टनाचा सगळा खर्च तो सोसेल, तक्त्यात चूक निघाली तर त्या चुकीपुरता खर्च आमचा. तक्ताच नसेल तर आठ तंबोरे तो दुसरीकडून घेईल. मला हे रास्त वाटले. शेजाऱ्याला वाटले नाही, पण आठ तंबोरे म्हणजे त्याच्या घरची आठ महिने चूल, त्यामुळे त्याने ते मान्य केले.

पत्रासोबत सहा पेट्यांत काय सापडले त्याची यादी होती. मी ती मोठ्याने वाचली. लाकूड, खिळे, जुने कापड, कागद, गवत. शेवटी होते: फुटके टरफल, नग सहा.

भिंतीला टेकून बसलेली आत्या त्यावर बोलली. “काय म्हनला?”

पेट्या तीच भरायची. तंबोऱ्याचा भोपळा कापताना जो काप निघतो, त्यातला तळहाताएवढा तुकडा ती जपून ठेवी. त्यावर तंबोऱ्याचा नंबर घाली आणि फडक्यात गुंडाळून पेटीत गळ्याशी ठेवी. कधी भोपळ्याला तडा गेला तर आतून त्याच भोपळ्याचा तुकडा चिकटवायचा. तिच्या सासूपासून हे चालत आले होते, आणि वाद्य घेणाऱ्याला ते सांगावे लागते असे कुणाला कधी वाटले नव्हते.

“त्यांनी ते कचऱ्यात धरलंय,” मी सांगितले.

“टाकलं?”

“हो. पैसे भरून टाकलं.”

आत्या म्हणाली, “चांगलं गिऱ्हाईक मिळवलंस रं.” हे भाच्याला होते.

शेजाऱ्याचे म्हणणे पडले की तुकडे यापुढे घालूच नयेत, आणि गवताऐवजी कुपवाडहून थर्मोकोल आणावा, म्हणजे सगळ्या पेट्यांचे वजन सारखे. थर्मोकोल त्या विक्रेत्याने पत्रातच बंद केला होता, हे मी दाखवले. तुकड्यांचा मुद्दा आत्याने निकालात काढला. “तुकडा जाणार न्हाई, तर पेटी तूच भर. माजा हात लागायचा न्हाई.” आणि तिच्या हातच्या पेटीतला तंबोरा आजवर फुटलेला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते.

तुकड्याचा प्रश्न मी असा सोडवला. वेष्टन म्हणजे माल पोचल्यावर ज्याचे काम संपते ते. तुकड्याचे काम तेव्हा सुरू होते, म्हणून तो माल. तो बिलात घालायचा. पण बिलात घालायचा तर किंमत पाहिजे. शेजारी म्हणाला शून्य. मी म्हणालो, शून्य लिहिले की कुठला तरी साहेब विचारणार, मग हे कशाला आहे. शेवटी प्रत्येकी एक रुपया लिहायचे ठरले.

“रुपाया?” आत्या म्हणाली. “टरफल म्हनला तेच बरं हुतं की वो हिशेबवाले.”

माल तयार झाला मार्चमध्ये. मला सवड रविवारचीच, म्हणून वजने रविवारी. वाण्याकडून तागडी आणि मापे आणली. सुतारमामांच्या रिकाम्या पेट्या चौदा किलो शंभर ते चौदा किलो सहाशे भरल्या. खिळे मी मोजून नको, तोलून द्या म्हणालो. ते म्हणाले, “वाकडा झाला तर? उपटून टाकला तर? त्यो कुनाच्या नावावर?” मी वाकड्या खिळ्यांसाठी वेगळी वाटी ठेवली.

अडचण पेंढ्याची, म्हणजे पत्रातल्या गवताची होती. सांगलीकडचा कडबा या कामाला चालत नाही, ताठ असतो. भाताचा पेंढा लागतो, तो माझ्याच गावाकडून, पाटणकडून, टेंपोने येई. आत्या त्याचे वळ, म्हणजे जाड दोर, पिळून भोपळ्याभोवती बसवी आणि कुठे किती लागेल ते तिच्या बोटांना कळे. “प्रत्येक पेटीत दोन किलोच घाला,” असे मी एकदा म्हणून पाहिले.

“भोपळं काय साच्यातनं काडल्यात व्हय?” ती म्हणाली. “एक ढेरपोट्या, एक कुबडा. समद्यास्नी एकच सदरा शिवतायसा?”

म्हणून मी आधी तिच्यासमोरचा ढीग तोलला, तिला भरू दिले आणि उरलेला पुन्हा तोलला. वजाबाकी म्हणजे पेटीतला पेंढा. सरासरी दोन किलो चारशे ग्रॅम. आठ पेट्यांचा तक्ता कार्बन घालून तीन प्रतींत टाइप केला, बिलात तुकडे लिहिले, आणि तुकडा कशासाठी आहे हे सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र जोडले. सही शेजाऱ्याने केली, खाली “वजने माझ्यासमोर झाली” असे लिहून मी केली.

उत्तर जूनमध्ये आले. तंबोरे आठही धड. तुकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्रासह दिले. मागच्या सहा गिऱ्हाइकांनाही आता तुकडा हवा आहे, पाठवता येईल का?

मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “दुसऱ्याचं कातडं कसं बसंल? त्येला सांगा, गेलं त्ये गेलं.” मी जरा सभ्य इंग्रजीत तेच कळवले.

त्याच पत्रात दुसरा मुद्दा होता. लाकूड बरोबर, खिळे बरोबर, कापड, कागद बरोबर. गवत मात्र दर पेटीत सरासरी दोन किलो पन्नास ग्रॅमच निघाले. आठ पेट्यांत दोन किलो आठशे ग्रॅम गवत कमी आहे, त्याने तक्त्याप्रमाणे आधीच पैसे भरून ठेवले आहेत, तरी उरलेले गवत कुठे गेले ते कृपया कळवावे.

मी कागद घेऊन दोन संध्याकाळी बसलो. वजाबाकी आठही वेळा बरोबर होती. तिसऱ्या दिवशी आत्याला विचारले, पेटी भरल्यावर त्यातला पेंढा कमी केला होता का?

“कशापायी कमी करू?”

“मग साडेतीनशे ग्रॅम गेले कुठे?”

“वाळलं असंल.”

“वाळायला ओला होता का?”

“आवं, आदल्या दिशी पानी शिंपडल्याबिगर वळ पिळतोय व्हय? न्हाईतर तुकडं पडत्यात. पिळायचा, भोपळ्याभवती बशिवायचा, मग पेटी उगडीच तीन दिस सावलीला. मग झाकान.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुमी ढीग तोलत हुतासा. ढिगाला हात लावून बगितला न्हाई?”

झाकणे बुधवारी ठोकली होती. मी रविवारी तोलले होते, कारण मला रविवारी सुटी होती. मी तेच जर्मनीला कळवले: गवत गेले नाही, पाणी गेले, आणि ते तक्त्यात धरले ही वजन करणाऱ्याची चूक. पुढच्या खेपेपासून वजने बुधवारी होतील. त्यासाठी मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊ लागलो. पुढची खेप दहा तंबोऱ्यांची होती.

त्या आठ तंबोऱ्यांचे पैसे आले ते पूर्ण आले, फक्त गवताच्या फरकाचे किलोला पंचवीसप्रमाणे सत्तर रुपये वळते केलेले होते. ते मी माझ्या खिशातून शेजाऱ्याला रोख दिले. तो एकदा “ऱ्हाऊ द्या” म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला नाही. तुकड्यांचे आठ रुपये आले ते त्याने आत्याला दिले.