ओली नोट

वामनकाका पत्ते पिसायला घेत तेव्हा आधी अख्ख्या टेबलाला मिळून एक शिवी घालत. "बसा, मेल्यांनो, बसा. घरात कुत्रं विचारीत नाय, म्हणून हिकडं येता." मग गड्डी कापायला पुढे करत आणि कापणाऱ्याच्या बोटांकडे बघून म्हणत, "नखं काप आधी." हे सगळं एका सुरात, खोकत, विडी कानावर ठेवून. त्यांच्या तोंडून गोड शब्द निघाला तर समजायचं, दारात कोणी पैसेवाला उभा आहे.

मांडवीच्या वाटेवर सुंभ-दोरखंडाच्या एका दुकानाच्या माडीवर हा क्लब होता. पाटीवर करमणूक मंडळ असं लिहिलेलं. कॅरमही होता, पण त्यावर चहाचे कप ठेवत. खरी करमणूक आतल्या खोलीत, अंदर-बाहरची. मध्ये एक पत्ता उघडा टाकतात. आपण आत लावायचं किंवा बाहेर. वाटणारा एक पत्ता आत, एक बाहेर असा टाकत जातो, आणि मधल्या पत्त्याचा जोडीदार ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकते. यात अक्कल लागत नाही. म्हणूनच माझ्यासारख्याला तो खेळ बरा वाटला.

मी घाटावरचा, जतकडचा. सातवीत शाळा सुटली. ब्याऐंशी साली रत्नागिरीत आलो आणि बर्फाच्या कारखान्यात लागलो. आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं आणि इथं मी दिवसभर पाण्याच्या लाद्या ओढत होतो, याचं सुरुवातीला हसू यायचं. बायको सुभद्रा आणि दोन वर्षांची मुलगी तिच्या भावाच्या घरी होत्या. मेव्हणा वाईट नव्हता, पण सुभद्राच्या पत्रात जेवणाचा विषय फार यायचा. मांडवीत मी एक खोली बघून ठेवली होती. कौलारू, मागे विहीर. अनामत भरायला थोडे कमी पडत होते. तरी नारळी पौर्णिमा झाली की तुम्हाला आणतो, असं लिहून टाकलं. लिहिल्यापासून माझी झोप उडाली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, दुपारी हात रिकामे. कमी पडतात तेवढे क्लबात सुटतील, असं एका हमालानं सांगितलं आणि मला ते पटलं.

पहिल्या दिवशी मी नोट पुढे सरकवली. वामनकाकांनी ती शेपटीला धरून उंदीर उचलावा तशी उचलली.

"ही काय गटारातनं काढलीस?"

"कारखान्यातनं आलोय, काका. खिसा भिजतो."

"मग वाळव. ओली नोट मी घेत नाय."

"चालते की ती."

"बँकेत चालत असंल. हितं मी सांगतो ता चालतं. जा, खिडकीत धर."

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. आषाढातल्या हवेत नोट काय वाळते. तोवर तीन डाव झाले. माझ्यामागून एक कंत्राटदार आला. त्याची नोट माझ्याहून ओली होती. ती काकांनी स्वतःच्या लेंग्याला पुसून घेतली. "या साहेब, बसा. पंखा वाढवू काय?" लोक हसले. मी घाटी, बर्फ ओढणारा, म्हणून हे चाललंय, एवढं मला कळलं.

तेव्हापासून तेच. आठवड्यातून तीन दुपारी मी जायचो आणि त्यातल्या दोन दुपारी माझी नोट खिडकीत असायची. कोरडी नेली तर म्हणायचे, फाटकी हाय. धड नेली तर म्हणायचे, हिचा रंग बघ, सरकारची नाय वाटत. एकदा मी जिंकलो. लागोपाठ दोन डाव बाहेर पडले आणि माझ्यापुढे नोटा आल्या. काकांनी पत्ते खाली ठेवले.

"ऊठ."

"का?"

"जिंकलास ना? मग काय अंडी उबवतोस? ऊठ, पाठीमागं मानूस उभा हाय."

पाठीमागे कोणी नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी उठलो. जिना उतरताना अपमानानं कान तापले होते. ते पैसे खिशात धड घरी आले, हे तेव्हा हिशेबात धरलं नाही.

काका तरुणपणी प्रवासी बोटीवर होते. तिथं जुगाराची वेगळी खोली होती आणि त्या खोलीत पेले नेऊन द्यायचं यांचं काम. पत्ते टाकायची ती सफाई तिथंच बघून बघून आलेली. हमालानं एकदा त्यांना डिवचलं, "काका, बोटीवर गोऱ्यांशी पन असंच बोलायचात?"

"तिथं मला तोंड नव्हतं. दात होते." त्यांनी दात दाखवले. निम्मे उरले होते. "वाटनारी पोरं सगळी हसरी. जो जास्त हरंल त्याला जास्त हसायचं, असा शिरस्ता. हसन्याचा पगार."

"बरं असंल की."

"तर. लई बरं. काप पत्ता."

नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस उरले तेव्हा खेळणाऱ्यांपैकी आम्ही चौघांनी क्लबाच्या मालकाकडे, शेठकडे, अर्ज दिला. वाटणारा गिऱ्हाइकांचा अपमान करतो, काही लोकांच्या नोटा मुद्दाम नाकारतो, तरी योग्य तो विचार व्हावा. मजकूर माझा, अक्षर माझं, पहिली सही माझी. चौघांत सातवीपर्यंत गेलेला मीच होतो. शाळा सुटल्यानंतर मी इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं. शेठही वाटच बघत असावा. त्याला वाटणाऱ्याचं तोंड नको होतं, टेबल भरलेलं हवं होतं.

वामनकाकांच्या जागी विलास आला. मुंबईत शिकून आलेला, पांढरा शर्ट, भांग पाडलेला. पहिल्याच दिवशी त्यानं माझं नाव विचारलं आणि नंतर कधी विसरला नाही. मी ओली नोट पुढे केली आणि सवयीनं खिडकीकडे निघालो.

"अहो दादा, कुठं निघालात?" त्यानं खिशातून रुमाल काढला, नोट त्यात दाबली, हातानं सरळ केली. "ओली असली म्हणून काय झालं? लक्ष्मीच ती. चहा घेणार ना?"

इतकं चांगलं माझ्याशी रत्नागिरीत तोवर कोणी बोललं नव्हतं. हरलो की तो "च्च" करायचा, जणू त्याचंच गेलं. मुलीचं नाव त्यानं विचारून घेतलं होतं. "आज दादा, मुलीच्या नावानं लावा एकदा." मी लावलं. पत्त्यांत काही लबाडी होती असं मी म्हणणार नाही. पत्ते तेच, काकांच्या हातातले, कोपरे झिजलेले. एवढंच की आता मला कोणी उठवत नव्हतं. पौर्णिमेच्या चार दिवस आधी खोलीसाठी साठवलेलं सगळं संपलं. विलास जिन्यापर्यंत पोचवायला आला. "जपून जा दादा, पायऱ्या ओल्या आहेत."

नारळ समुद्रात पडले, होड्या पाण्यात गेल्या. मी सुभद्राला दसऱ्याचा वायदा केला, मग दिवाळीचा. दिवाळीनंतर मेव्हण्याचं कार्ड आलं. सुभद्रा टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, मुलीला घेऊन. आता पत्र घालू नये. कार्ड मी चार वेळा वाचलं. कोणत्या साखर कारखान्याकडे, ते लिहिलेलं नव्हतं.

मी वामनकाकांकडे गेलो. दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं. ते मांडवीत विधवा बहिणीकडे राहत होते, मुलगा मुंबईला. पडवीत बसून जुनं जाळं सांधत होते.

"सगळं गेलं, काका."

"मग हितं काय ठेवलंय?"

"तो अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक हाय. शेठनं दाखवलान. अक्षर बरं हाय तुजं."

मला राग आला. माझाच, पण काढला त्यांच्यावर. "तुम्हाला नीट सांगता येत नव्हतं? दोन शब्द समजावून?"

त्यांनी सुई जाळ्यात टोचून ठेवली. "बोटीवर एक म्हातारा होता. रोज हरायचा. मी त्याला नीट सांगितलं. सर, आज पुरे. हात जोडून सांगितलं. तो हसला, मला बक्षीस दिलान नि परत जाऊन बसला. सकाळी चहा घेऊन गेलो तर खोली रिकामी. चारी बाजूंना पानी, मानूस जातो कुठं?" त्यांनी सुई परत उचलली. "गोड सांगून झालं. मग कडू बोलून बघितलं. तूही परत यायचासच ना? मानूस थांबत नाय रे."

"मग शिव्या कशाला द्यायचात?"

"मला झोप लागायची."

नंतर मी अधूनमधून जात राहिलो. त्यांनी कधी बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. मला त्यांचे उपकार मानायचे होते. अर्धा पावसाळा माझ्या नोटा त्यांच्यामुळे खिडकीत वाळत राहिल्या. माझ्यासाठी एवढं कोणी केलेलं नाही. पण तसा विषय काढला की ते जाळ्याकडे वळत. "तोंड मिट. माशी जाईल."

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी ते गेले. मुलगा मुंबईहून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोचणार होता आणि उकाडा भयंकर. निरोप कारखान्यात आला तो बर्फासाठी. मी चार लाद्या गोणपाटात गुंडाळल्या, भुसा भरला आणि हातगाडीनं स्वतः नेल्या. त्यांच्या दोन्ही अंगांना लाद्या लावल्या. कानावर विडी नव्हती, म्हणून चेहरा अनोळखी दिसत होता. ओठ मात्र तसेच, आता काहीतरी बोलतील असे.

निघताना त्यांच्या बहिणीनं पदराची गाठ सोडली आणि बर्फाचे म्हणून एक नोट माझ्या हातात कोंबली. माझे हात निथळत होते. बघता बघता नोट भिजून मऊ पडली. मी ती परत तिच्या हातावर ठेवली.

"ओली नोट मी घेत नाही," मी म्हणालो. आणि हातगाडी वळवली.

मागून त्या बाईचा आवाज आला. शेजारणीला सांगत होती, "बघितलंस काय गो, घरात मयत नि बोलतो कसा. भावाकडं सगळी असलीच मानसं यायची."