तिसरं कडवं

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अर्ज भरायचा असला तर आबा अजूनही माझ्याकडे बघतात, आणि मीही तो दोनदा खोडून लिहितो. पुस्तकात छापावं असं आमच्याकडे काही घडतही नाही. हे घडलं ते एका अंगाईवरून. त्यात माझं काम फक्त दाराबाहेर बसून ऐकायचं होतं, आणि तेही मला धड जमलं असं नाही.

आमचं गाव साक्रीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. जळगावला शिकायला आलो तेव्हा पिंप्राळ्यात ताईकडे राहिलो. भाऊजी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, पाळी बदलत राहायची. ताई एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. बाळंतपणात सुटलेली नोकरी तिला डॉक्टरांनी परत दिली होती, पण वेळ संध्याकाळची. ‘मधेच खाडे झाले तर पुन्हा ठेवणार नाही,’ असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. ताईला ती नोकरी फार हवी होती. दवाखान्यातून आलेल्या दिवशी ती जेवताना बोलायची. एरवी नुसती जेवायची.

भाची दीड वर्षाची. भाऊजींच्या आई, ज्यांना मी अक्का म्हणतो, भडगावहून आमच्यात राहायला आल्या होत्या, पण गुडघ्यांमुळे त्यांना पोरीमागे पळवत नसे. म्हणून मागच्या गल्लीतली एक बाई ठेवली. तिला सगळे मावशी म्हणायचे. नवापूरकडची, डोंगरातल्या गावची. दुपारनंतर यायची, पोरीला खाऊ घालायची, झोपवायची आणि मग घरी जायची. पोर तिच्याकडे इतकी पटकन झोपायची की अक्कांना तेच आधी खटकलं.

“इतलं लवकर कोन जपस?” त्या मला म्हणाल्या. “काही तरी करस ती.”

मावशी गाणं म्हणायची, एवढंच. आतल्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन, पाठीवर हळूहळू थापटत. चाल साधी, एका जागी डुलणारी. शब्द मराठी होते:

नीज गं तान्हुले, काळोखाला भिऊ नको,
मेंढपाळ जागा आहे, एकटी तू समजू नको.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्याकडचा ठेलारीच दिसला. डोक्यावर पागोटं, पुढे मेंढरं, मागे सामान लादलेलं घोडं. पावसाळा सरला की ते आमच्या गावावरून जातात. अक्कांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी विचारलं, “कोनता मेंढपाळ व्हई तो? ठेलारी का इना पोरले राखाले?”

शेजारच्या काकूंनी मात्र ओळखलं. कपडे वाळत घालता घालता त्या भिंतीवरून म्हणाल्या, “अहो, देवळातलं गाणं आहे ते त्यांच्या. ख्रिस्ती आहे ना बाई. आज गाणं, उद्या गळ्यात काय घालेल सांगता येत नाही.” काकूंचं बोलणं मला आवडत नसे. पण ते माझ्या डोक्यात राहिलं, हे खरं.

आणि एक गोष्ट होती. अक्का दर शनिवारी आणि अमावास्येला पोरीची दृष्ट काढायच्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन पोरीवरून ओवाळायच्या आणि गॅसवर तव्यात टाकायच्या. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी समोर बसायचं, असा अक्कांचा नेम. मावशी मात्र मिरच्यांचा डबा उघडला की चपला घालून बाहेर ओट्यावर जायची. दर वेळी. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं आहे की ज्याची नजर लागलेली असते, तो दृष्ट काढताना तिथे थांबू शकत नाही. अक्कांना आता दुसरा पुरावा नकोच होता.

“तू कॉलेजमा शिकस ना?” त्यांनी मला जवळ बसवून विचारलं. “मंग ऐकी घे ती काय गास ते. बठ्ठं, एक शब्द सोडू नको. आनि सांग माले.”

मी अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन आतल्या खोलीच्या दाराबाहेर बसू लागलो. नाही म्हणावंसं वाटलं, पण मलाही ऐकायचंच होतं. पहिली दोन कडवी स्पष्ट यायची. तिसऱ्याला मावशीचा आवाज एकदम खाली जायचा, इतका की ओठ हलतायत एवढंच कळे. एकदा मोबाईल दाराच्या फटीशी ठेवून पाहिला. नंतर ऐकलं तर नुसता पंख्याचा आवाज. दोन कडवी मोकळ्या गळ्यानं आणि तिसरं दबक्या आवाजात, याचा अर्थ काय लावायचा? लपवण्यासारखं काही नसेल तर लपवायचं कशाला? आमच्या वर्गात पुराव्याबद्दल बरंच शिकवतात. मी सगळं त्यात बसवून पाहत होतो आणि ते बसतही होतं. बाहेर जाणं, आवाज दाबणं, पोर लवकर झोपणं. सगळं एकमेकांशी जुळत होतं, आणि तेच मला थोडं विचित्र वाटायचं.

अक्कांना मी एवढंच सांगितलं, “तिसरं कडवं ऐकू येत नाही.”

“येवाव नही,” त्या म्हणाल्या. “ते तुनासाठे नहीच शे.”

पुढच्या शनिवारी त्यांनी डबा उघडला आणि मावशी उठायच्या आत तिच्या मुठीत मीठ-मोहरी, मिरच्या ठेवल्या. “आज तू काढ.”

मावशीनं मूठ ताटलीत हळूच उघडली. एक मोहरीही खाली पडू दिली नाही. “अक्का, हे माझ्याकडून व्हायचं नाही. आमच्या घरी करत नाहीत.”

“मंग बाहेर काबरं पळस?”

“तुम्ही करता तेव्हा मी समोर बसले आणि हात जोडले नाहीत, तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आनि गाना? हऊ काय सांगस, तू हळूच म्हनस. काय शे त्यामा?” अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. मी पुस्तकात बघत राहिलो.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग सरळ अक्कांकडे. “येशूचं नाव आहे. दुसरं काय असणार? माझ्या आईनं मला तेच म्हणून झोपवलं, मी माझ्या लेकरांना. मला दुसरं गाणं येतच नाही.”

“नाव शे ना? मंग झालं. उद्यापाइन येऊ नको.”

मावशीनं पोरीच्या टाळूवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली, आणि गेली. ते पुटपुटणंही मी लक्षात ठेवलं.

ताई घरी आली तेव्हा जेवणं झाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पर्स खुंटीला न लावता हातातच धरून उभी राहिली. “म्हणजे मी दवाखाना सोडायचा ना?”

“मी काय मरी गई का?” अक्का म्हणाल्या. “मी जपाडसू तिले.”

“तुमच्या गुडघ्यांना विचारलं का?”

“गुडघा गाना म्हनतस का वं?”

अक्कांचा गळा चांगला होता. भडगावात बारशाला पाळणा म्हणायला त्यांना हौसेनं बोलावत. त्यांनी पोरीच्या बारशाचा पाळणा म्हटला, गिरणेकाठच्या ओव्या म्हटल्या. पोर त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत राही, आणि ओवी संपली की रडायला सुरुवात. मी थापटून पाहिलं. भाऊजींनी खांद्यावर घेऊन गल्लीत फेऱ्या मारल्या. मग ताईनं खाडे करायला सुरुवात केली. डॉक्टर फोनवर काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही, पण तिनं दवाखान्याचा निळा कोट धुऊन घडी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. वरच्या फळीवर ती रोजचं काही ठेवत नसे.

त्याच सुमारास माझी परीक्षा संपली आणि मी गावी आलो. आमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर येते. तिथे जाऊन मी फोन लावायचो. ताई उचलायची नाही, किंवा “बरं आहे” म्हणून ठेवून द्यायची. त्या ‘बरं आहे’वर माझा अजिबात विश्वास नव्हता. काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीत, असं वाटत राहिलं. नोकरी गेली असणार. किंवा पोरीला काही झालं. की मावशीनंच काही केलं? हा विचार आला तेव्हा टेकडीवर मी एकटाच होतो, तरी इकडेतिकडे पाहिलं.

साक्रीच्या आठवडे बाजारात आबांसोबत होतो तेव्हा ताईचा फोन आला. मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहून, दुसऱ्या कानावर हात धरून मी ऐकलं.

अक्का स्वतः काठी टेकत मागच्या गल्लीत गेल्या होत्या. मावशीच्या दारात उभं राहून म्हणाल्या, गाणं शिकव, तू येऊ नको. मावशीनं आधी त्यांना बसायला दिलं आणि मग तिन्ही कडवी शिकवली. घरी येऊन अक्कांनी तिसऱ्या कडव्यात येशूच्या जागी आमच्याकडची देवी कानबाई घातली. झोपत आलेल्या पोरीनं डोकं वर उचललं आणि अक्कांच्या तोंडावर हात ठेवला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. शेवटी अक्कांनी जे नाव होतं ते घेतलं आणि पोर झोपली.

“मग अक्का काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘पोर ऐकस नही, मी काय करू? कानबाईले मी सांगी दिसू.’” ताई हसली. किती तरी दिवसांनी हसली. “पण गुडघे धरले त्यांचे, मांडीवर घेऊन बसवत नाही. मावशीला परत बोलावलंय. दृष्ट मावशी घरी गेल्यावर काढायची, असं ठरलं. मी कालपासून दवाखान्यात जातेय.”

बाजारातल्या गलक्यात मी आणखी जोरात विचारलं, “आणि तिसरं कडवं? ते हळू का म्हणते ती?”

“अरे, तिथपर्यंत पोर झोपत आलेली असते. पेंगलेल्या लेकराशी कोण मोठ्यानं बोलतं? अक्काही तिथे आवाज खालीच आणायच्या.”

“अक्का? पोर झोपते म्हणून, की शेजारच्या काकू ऐकतील म्हणून?”

ताई म्हणाली, “ते तू ये आणि अक्कांनाच विचार. आणि ऐक, मावशीनं सांगितलंय, आता दाराबाहेर बसायचं नाही. ऐकायचं असेल तर आत ये म्हणावं.”